लालीभोवतीची निळी रेघ

सोमवार, ४ मार्च २०१३. आयोवा
दुपारी दोनला डेल्फीनकडे पोहोचले. एकोणचाळीस वर्षं लायब्ररी सांभाळली. आता धाकट्या बहिणीच्या हातचं आयतं खायचं. घर उजेडाचं आहे. मागच्या रस्त्यावर अडीच हजार डुकरांची शेड, डेल्फीन तिथेच कामाला. दोघींनी मक्याची भाकरी आणि सूप घेतलं. मजेत आहे.

गुरुवार, ७ मार्च
सकाळी सव्वासहाला डेल्फीननं गुडघ्यावरचं गळू दाखवलं. मॅनेजर स्ट्रॉड म्हणाला, कोळी चावला असेल. बाहेर हातभर बर्फ, कोळी कुठला! त्यानं शेडच्या फ्रिजमधलं डुकरांचं औषध दिलं. इथे सगळे तेच टोचून घेतात म्हणे, डॉक्टरपेक्षा जवळ पडतं. डेल्फीननंही टोचून घेतलं. मी आरडाओरडा केला, तर म्हणते कशी, बाईसाहेब, तुमची लायब्ररी सुटली, आता मला गप्प करू नका.

शनिवार, ९ मार्च
ताप. हॉस्पिटल. गुडघ्याची लाली किती पसरते ते कळावं म्हणून नर्सनं तिच्याभोवती निळ्या पेननं रेघ ओढली. चार तासांत लाली रेघेबाहेर. डॉक्टर म्हणाले, जंतू डुकरांकडूनच आलाय, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. डुकरांच्या खाद्यातून रोज कोणती औषधं जातात ते कळलं, तर कोणत्या औषधांवर वेळ घालवायचा नाही एवढं तरी ठरेल.
स्ट्रॉडला फोन केला. ते कंपनीचं गुपित आहे म्हणे.

रविवार, १० मार्च
दुसरी रेघ. तीही ओलांडली. डेल्फीन मला ओळखत नाही.
शेडवर गेले. स्ट्रॉडनं दारातच अडवलं: आधी साबणानं आंघोळ करा, मावशी, तुमचे जंतू डुकरांना लागतील. — डुकरांना! मी विचारलं, बाहेर येताना आंघोळ करायला कुणी सांगतं का? तो हसला. म्हणाला, घरी जाऊन करतात की.
डेल्फीनचे कामाचे कपडे मी हातानं धुतले होते. माझ्या उजव्या मनगटावर पुटकुळी —

सोमवार, ११ मार्च, सकाळी आठ
लहानपणी शाळेत नन्सनी दोन गोष्टी शिकवल्या. पाठ ताठ ठेवायची. तक्रार लेखी करायची. म्हणून हा मसुदा, डाव्या हातानं. उजव्यावर आता निळी रेघ —

मिस्टर स्ट्रॉड,
खाद्यातल्या प्रत्येक औषधाचं नाव. तोंडी नको. मला घाबरवू नका, मी आधीच — आणि तरीही लिहितेय. डेल्फीन अजून श्वास घेतेय. आज दुपारी बाराच्या आत, लेखी, सहीसकट. बारा म्हणजे बारा. नाहीतर हा हात घेऊन, आंघोळ न करता, मी थेट तुमच्या डुकरां—