दीपगृहातली माऊ

सोमवार, १ जुलै
आजपासून रोजनिशी. थोर शिक्षक लिहितात. कुणी वाचायची नाही, म्हणून खरं लिहिणार.

संस्थेच्या अध्यक्षांनी मीटिंगमध्ये बॉम्ब टाकला. म्हणाले, शाळेच्या वाचनालयात चिटपाखरू फिरकत नाही, महिनाअखेर ती खोली रिकामी करा, तिथे माझं केबिन होईल. पुस्तकं माळ्यावर. ग्रंथपाल बाईंचा चेहरा एवढासा झाला. गेल्या महिन्यात एकूण अकरा पुस्तकं बाहेर गेली, त्यातलं एक डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, उद्यापासून मुख्याध्यापक स्वतः सातवीला रोज वीस मिनिटं पुस्तक वाचून दाखवतील. आवाज माझा मुळात भारदस्त. आठवड्याला एक पुस्तक, वर्षाला चाळीस. पोरं वाचनालयाचं दार मोडतील.

घरी सांगितलं. हिने विचारलं, तुम्ही स्वतः शेवटचं पुस्तक कधी वाचलंत? सेवाशर्तींची नियमावली, असं उत्तर दिलं. ही ते पुस्तक धरत नाही.

मंगळवार, २ जुलै
बाईंनी पुस्तक निवडून दिलं. दीपगृहाचा रखवालदार, त्याची मुलगी, आणि तिथला दिवा रोज कुणीतरी विझवतं. पानं २१२. बाई म्हणाल्या, आधी एकदा नजरेखालून घाला. मी नाही म्हटलं. तयारीने उत्स्फूर्तता मरते. (दुपारी प्रयत्न केला होता. दुसऱ्या पानावर डोळा लागला.)

चार पानं वाचली. हल्ली अक्षरं फारच बारीक छापतात. छपाईचा दर्जा घसरलाय. ही म्हणते, चष्मा करा. डोळे ठणठणीत आहेत. पुस्तक लांब धरलं की सगळं दिसतं. हातच जरा आखूड पडतात.

गुरुवार, ४ जुलै
कथेत आज नवीन पात्र. 'मुलीचा मोठा माऊ खिडकीत बसून चहा पीत होता.' वर्ग हसून हसून लोळला. चहा पिणारी माऊ! लेखकाच्या कल्पनाशक्तीला दाद दिली पाहिजे. क्रियापदं पुल्लिंगी आहेत, म्हणजे बोका असणार. मी मांजराचा आवाज काढून वाचलं. टाळ्या.

इतकी वर्षं ही कला ऑफिसात फायलींखाली दडून होती.

सोमवार, ८ जुलै
माऊने आज वल्हं मारून होडी किनाऱ्याला आणली. बुडणाऱ्या कोळ्याला खांद्यावर घेतलं. वर्गात एक मुलगी आहे, सगळे तिला शंकासुर म्हणतात. तिने हात वर केला. सर, मांजर माणसाला खांद्यावर कसं घेईल? मी प्रेमाने समजावलं, बाळ, साहित्यात तर्क चालवायचा नसतो. मग कल्पनाशक्ती या विषयावर पंधरा मिनिटं बोललो. वाचन दीड पान. पण मुद्दा पोचला.

शंकासुरने तास संपताच वाचनालयाकडे धूम ठोकली. एक रोपटं रुजलं!

शुक्रवार, १२ जुलै
विजय! बाई धावत ऑफिसात आल्या. दीपगृहाच्या उरलेल्या चारही प्रती गेल्या, वर सत्तावीस मुलांची यादी. बाईंना यादीसाठी नवीन वही घालावी लागली. मी कारण विचारलं नाही. कारण आरशात रोज दिसतं.

बाईंनी एक नियम टाइप करून आणला होता, तो न वाचताच सही करून दिला. मोठ्या माणसाने बारीकसारीक गोष्टींत पडू नये.

अध्यक्षांना फोन केला, मंगळवारी तेवीस तारखेला प्रत्यक्ष ऐकायला या. ही म्हणाली, हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. हिला साहित्यात रस नाही.

गुरुवार, १८ जुलै
पान ३१. आठवड्याला एक पुस्तक ही कल्पना उथळ होती. वर्षाला एक, पण खोलवर.

मुलं ऐकताना खाली मान घालून मांडीवर काहीतरी बघतात आणि माऊ आली की एकमेकांना कोपराने ढोसतात. गंभीर प्रसंगातही खांदे हलतात. हुंदके आवरत असणार. या वयात मुलं रडणं लपवतात.

मंगळवार, २३ जुलै
लिहू की नको? लिहितो.

अध्यक्ष पहिल्या बाकावर बसले. मी खास तयारी म्हणून पुस्तक खिडकीपाशी उजेडात धरलं आणि करुण रसात वाचलं, 'माऊ धावत आला आणि बापाच्या गळ्यात पडून रडू लागला.'

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, भाऊ!

मला वाटलं, कुणी आलं. दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. अध्यक्ष उठले, चष्मा नाकावर चढवून पानात डोकावले आणि म्हणाले, भाऊच आहे हो. मुलीचा थोरला भाऊ.

एकोणीस दिवस मी एका तरण्याताठ्या मुलाला म्याव म्याव करायला लावलं.

मग शंकासुर उठली आणि ते अख्खं पान तोंडपाठ म्हणाली. पुढचं पान दुसऱ्याने. अध्यक्षांनी विचारलं, पूर्ण पुस्तक किती जणांनी वाचलं? बेचाळीसपैकी बारा हात वर. बाकीचे म्हणाले, नंबर लागलाय, घाई चाललीय. शंकासुरने खुलासा केला. सर काय वाचतात आणि पुस्तकात काय आहे, ते ताडून बघायला आधी पुस्तक नेलं. मग माऊ राहिली बाजूला, खाली ठेववेना.

वाचनालय राहणार. अध्यक्षांनी तिथेच सांगितलं. बाईंनी पदराने डोळे पुसले. मलाही भरून आलं, नाकारत नाही. मग अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्हाला ऑफिसची कामं खूप असतात, आता मुलांनाच वाचू द्या. माझ्या हातातली प्रत बाईंनी हळूच काढून घेतली आणि यादीतल्या पुढच्या नंबरला दिली.

बाईंना सांगितलं, मी मुद्दामच चुकत होतो, तो एक शैक्षणिक प्रयोग होता. बाई म्हणाल्या, हो सर. फार पटकन म्हणाल्या.

गुरुवार, २५ जुलै
फायली. लक्ष लागत नाही. दिवा कोण विझवतं? माऊ होती तोवर मला तिचा संशय नव्हता. बोका कशाला दिवा विझवेल? पण आता तो भाऊ निघाला. चहा पीत खिडकीतच का बसला होता? कुणावर नजर ठेवून होता?

हिला सगळी गोष्ट सांगितली. हिने भाजी चिरायची थांबवून विचारलं, मग पुढे? मला माहीत नाही, म्हटलं. तेहतीस वर्षांच्या संसारात हिने माझ्याकडे इतकं रागाने पाहिलं नव्हतं.

सोमवार, २९ जुलै
मधल्या सुट्टीत वाचनालयात गेलो. बसायला जागा नाही. बाईंनी वही पुढे केली. माझा नंबर चौतिसावा. मी मुख्याध्यापक आहे याची आठवण करून दिली. त्यांनी भिंतीवरचा नियम दाखवला, रांग कुणासाठीही मोडली जाणार नाही. खाली सही माझीच.

बाहेर कॉरिडॉरमध्ये शंकासुर भेटली. इकडेतिकडे कुणी नाही असं बघून हळूच विचारलं, दिवा कोण विझवतं, तेवढंच सांग. नाही म्हणाली. सांगितलं तर मजा जाते. निदान भाऊ आहे की नाही, एवढं तरी? तेही नाही. स्वतःच वाचा म्हणाली.

माझा चेहरा पडला असावा, कारण चार पावलं जाऊन ती परत आली. म्हणाली, घाबरू नका सर, रोज थोडं थोडं वाचलं ना, की जमतं.