निदर्ड की मिदर्ड

आई, शेजारच्या गोऱ्या आजींचा फोन आला ती दुपार मला अजून तशीच दिसते. मी दहा वर्षांची. तू किचनमध्ये नर्सच्या युनिफॉर्ममध्येच पोळ्या लाटतेयस, लेट शिफ्टला निघायची घाई. फोन ठेवून म्हणालीस, "मिदर्ड आहेत म्हणे. कुणीतरी डोकं खाल्लं असेल. सकाळी बघून येईन."

यॉर्कशायरचे शब्द तू वॉर्डात एकेक करून उचलले होतेस, म्हणून तुला खात्री होती. मी म्हणाले, "आजी मिदर्ड म्हणतच नाही. ते पलीकडचे लँकशायरवाले म्हणतात. निदर्ड म्हणाली का?"

"त्यात काय फरक?"

"निदर्ड म्हणजे खूप कोल्ड, आई."

तुझं लाटणं थांबलं. "हीटिंग लावलंय म्हणाल्या, तरी?" मग तू गॅस बंद केलास आणि कोट न घालताच धावलीस, मी मागे. हीटिंग चालू होतं, तरी आजी खुर्चीत कुडकुडत होत्या, दात वाजत होते. तू त्यांच्या कपाळाला हात लावलास. भट्टीसारखं तापलं होतं. "नाइन नाइन नाइन लाव," माझ्याकडे न बघता म्हणालीस. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तू त्यांची नाडी सोडली नाहीस, आणि अॅम्ब्युलन्स त्यांना घेऊन गेल्यावर फुटपाथवरच माझ्यावर ओरडलीस, "असले शब्द मला आधी सांगायचे नाहीत?" मी रडले.

इन्फेक्शन रक्तात गेलं होतं, पण आजी वाचल्या. आपण भेटायला गेलो तेव्हा त्यांनीच सांगितलं की निदर्ड बहुतेक जहाजांतून आलेल्या नॉर्स लोकांचा शब्द, आणि मिदर्ड कदाचित वेल्श असेल, नक्की कुणालाच ठाऊक नाही. परतताना बसमध्ये तू दोन्ही शब्द पुटपुटत होतीस, परीक्षेला बसल्यासारखी.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात तुझं सगळं इंग्रजी गळून गेलं. एका सकाळी तू चादर मुठीत धरून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागलीस. नर्स माझ्याकडे वळली, "व्हॉट्स शी सेयिंग, लव्ह?" हुडहुडी की हुरहूर, मला ऐकून कळेना. हुडहुडी म्हणजे थंडी, एवढं माहीत होतं. दुसऱ्या शब्दाचा अर्थ मी तुझ्यानंतर मावशीला विचारला.

हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही. मी नर्सला "कोल्ड" म्हणाले, कारण ब्लँकेट आणता येत होतं.