हात उंचावलेला फोटो

५ मे, सोमवार
चन्नबसप्पा फर्निचरवाल्याचा फ्लेक्स लागला. ऐन चौकात, आमच्या भांड्यांच्या दुकानासमोर. सिंहासनावर बसलाय, मोबाईल कानाला, डोळ्यावर गॉगल. खाली ‘व्यापारी मंडळाचे भावी अध्यक्ष’. याच्या दुकानातल्या खुर्च्या डुगडुगतात आणि हा निघाला सिंहासनावर बसायला!
निवडणूक पंधराला, माझा वाढदिवस बाराला. योगच म्हणायचा. बाराला माझा फ्लेक्स बरोब्बर त्याच्यासमोर. फोटो एकच, पण बाजारानं म्हणावं, अध्यक्ष म्हणजे मल्लिनाथअण्णाच.

६ मे
जुने फोटो काढून बघितले. सगळ्यांत मी कुणाच्या तरी लग्नात जेवतोय.
गायत्रीनं पुन्हा टुमणं लावलं, चष्मा करा म्हणून. बायकोला कोण समजावणार! मला गरज नाही. हल्ली अक्षरंच बारीक छापतात. शिवाय पुढारी माणूस चष्म्यात शोभत नाही.
शिवप्रिया पुण्याहून सुट्टीला आलीय. म्हणाली, पप्पा, बायपासच्या मंगल कार्यालयात पॉप-अप आर्ट म्युझियम आलंय, फोटो काढायलाच जातात लोक, तिथं सिंहासनपण आहे. मी म्हणालो, पोरखेळ. मनात म्हणालो, उद्या.

७ मे, रात्री ९
ठरवून गेलो होतो. पंधरा मिनिटं, एक फोटो. कशाला हात लावायचा नाही. हसायचं तर मुळीच नाही.
कडक इस्त्री, वर फेटा. दारातली पोरगी म्हणाली, काका, आज लग्न नाही हो इथं. चपला बाहेर काढा म्हणाली. याच कार्यालयात माझे दोन जोड गेलेत, एक तर अक्षता पडायच्या आत. म्हणून नव्या कोऱ्या कोल्हापुरी बगलेत मारल्या आणि आत शिरलो. अनुभव असतो माणसाला.
सिंहासनाला ही रांग. तोवर रंगीत प्लास्टिक बॉलच्या हौदाची काठावरून पाहणी केली. वाकलो, तर बगलेतली एक चप्पल सटकली आणि बॉलात गडप. नाइलाजानं उतरावं लागलं.
चप्पल लवकर सापडली नाही. म्हणजे मधे दोनदा सापडली, पण नीट सापडली नव्हती. शिवप्रिया वरून फोटो काढत होती. म्हणाली, पप्पा, तुम्हाला असं हसताना मी कधी बघितलंच नाही. मी हसत नव्हतो. धाप लागली होती.
सिंहासन राहिलं.

८ मे
परत जाणं भाग होतं. सिंहासन रिकामं होतं, पण तिथला उजेड काही पटला नाही. हौदाकडं उजेड चांगला आहे.

९ मे
दुकान लवकर बंद केलं. बेंबळीच्या कस्तुराबाई कळशी घ्यायला आल्या होत्या. अर्जंट मीटिंग हाय म्हणून सांगितलं, उद्या या. तासाभरात त्याच म्युझियममधल्या, छताला टेबलखुर्च्या लावलेल्या उलट्या खोलीत भेटल्या. नातवंडांबरोबर, पदर खोचून. म्हणाल्या, मालक, मिटिंग लई झ्याक चाललीय की!
आता बास. उद्यापासून प्रचार.

१० मे
श्रीशैल फ्लेक्सवाल्याचा फोन. फोटो पाठवा, आजच छापायचंय. शिवप्रिया म्हणाली, थांबा, मी निवडून देते. म्हणालो, अध्यक्षाला साधा फोटो निवडता येत नाही व्हय? मोबाईलवर स्वतः बघितलं. एक झकास सापडला. हात उंच, चेहऱ्यावर तेज, आणि पुढं गर्दीच गर्दी, रंगीबेरंगी फेट्यांची. भाषण ठोकल्यासारखी पोझ. हिनं कधी काढला काय माहीत, पोरगी हुशार आहे.
खाली मजकूर, ‘आता माघार नाही!’
श्रीशैलनं विचारलं, अण्णा, नक्की हाच ना? म्हणालो, हाच. मोठा कर. हात स्पष्ट दिसला पाहिजे.

१२ मे, सकाळी
हात स्पष्ट दिसतोय.
एवढ्या मोठ्या फ्लेक्सला चष्मा लागत नाही. गळ्यापर्यंत बॉलात बुडालेला मी, बत्तिशी बाहेर, आणि उंच हातात चप्पल. रोख सरळ समोर, चन्नबसप्पाच्या सिंहासनावर. खाली ‘आता माघार नाही!’

१२ मे, दुपारी
चप्पल दाखवलेली नाही, सापडलेली आहे, हे बाजारभर सांगून आलो. कुणी ऐकून घेईना. फ्लेक्सखाली पोरं चपला उंच धरून सेल्फी काढतायत. चन्नबसप्पा दुकानाच्या पायरीवर उभा राहून वर बघतोय.
एका अर्थानं प्रसिद्धी चांगली झाली.

१५ मे
चन्नबसप्पा अध्यक्ष. मला एक मत पडलं, ते माझं. गायत्री मंडळाची सभासद असती तर दोन झाली असती. तिला तसं म्हणालो, तर खात्री देत नाही म्हणाली.
वाईट वाटलं. लई वाईट वाटलं.
मग चन्नबसप्पानं उठून पहिला ठराव मांडला, गणपतीतल्या बालजत्रेचे प्रमुख मल्लिनाथअण्णा. एकमतानं मंजूर. टाळ्या थांबेनात. त्याच्या निवडीला एवढ्या वाजल्या नव्हत्या, हे नोंदवून ठेवतो.
बाहेर पडताना त्यानं मला बाजूला घेतलं. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, अण्णा, जत्रंत त्यो बॉलचा हौद आपल्या मापाचा मिळंल का? जरा खोल पायजे.
प्रमुख म्हणून विचार करतो म्हणालो.
येताना चष्मा करायला टाकला.