देवीपुढची मेणबत्ती

पोलादपूर,
रविवार, ८ मार्च १९८१

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

इकडे आई, अण्णा आणि मी, आम्ही तिघे बरे आहोत. थंडी गेल्यापासून आईचा गुडघा कमी दुखतो. तुळसावहिनीला माझी आठवण सांग. तिने पाठवलेली साडी आई अजून नेसलेली नाही. ट्रंकेत ठेवली आहे. तिचा स्वभाव तुला माहीत आहे.

तुला सगळं नीट कळावं म्हणून आधी घडलेलं क्रमाने लिहिते. माझं म्हणणं नंतर.

१. टेलिफोन खात्याच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेत मी पास झाले. राखीव जागांच्या यादीत माझं नाव आहे.
२. अर्जाला मी जोडलेला दाखला 'नवबौद्ध' असा आहे. तो राज्य सरकारच्या कामाला चालतो. केंद्राच्या नोकरीला चालत नाही. केंद्राच्या नियमात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू किंवा शीख असावा लागतो.
३. 'हिंदू महार' असा दाखला ३१ मार्चपर्यंत पोचला नाही तर माझं नाव यादीतून निघेल.
४. तशा दाखल्यासाठी मी अर्ज केला. अण्णांना सांगून केला.
५. गेल्या मंगळवारी तहसील कचेरीतले सर्कल साहेब चौकशीला आले.
६. ते आले तेव्हा आपल्या घरात लक्ष्मी होती.
७. त्यांचा अहवाल अजून वर गेलेला नाही.
८. सोमवारी, २३ तारखेला अण्णा कचेरीत जाणार आहेत.

सहावं आणि आठवं वाचून तू थांबला असशील. दोन्हीचा खुलासा करते.

अर्ज करायचं ठरलं तेव्हा अण्णा अंगणात सायकलची साखळी पुसत बसले होते. मी नियम वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. मग म्हणाले, "तुझं नाव, तुझा कागद. कर. माझी सही मागू नको." मला ते योग्य वाटलं आणि मी सही मागितली नाही.

कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहिणारे मालोजी तुला आठवत असतील. त्यांनी अर्ज लिहून दिला. लिहिताना मान वर न करता म्हणाले, "एवढं तोंड कशाला पाडतेस गो? दाखल्यापुरतं हिंदू व्हायचं, पेढे वाटायचे न घरी येऊन परत बौद्ध. तुमच्यातले सगळेच करतात." मी विचारलं, सगळे म्हणजे कोण? त्यांनी शाई टिपली आणि म्हणाले, "ते मी कशाला सांगू?"

मंगळवारी सर्कल साहेब आधी गावात गेले. चावडीवर पंच बसवले. अर्जदार म्हणून मलाही बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, बौद्धवाडीतली ही माणसं मूळची महार का? पाटील लगेच म्हणाले, "म्हारच की साहेब. नायतर वाडी इतकी लांब कशाला असती?" लोक हसले. पाटीलही हसले. ते वाईट हेतूने बोलले असं मला वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने प्रश्नच सोपा होता.

"आणि हिंदू?"

"ते त्यांनाच इचारा. आमच्या पालखीला पंचवीस वर्सं त्यांच्यातला कोण आला नाय. ढोल वाजवायला बोलावलं तरी नाय."

म्हणजे जात चावडीवरच सिद्ध झाली, पाच जणांच्या सह्यांनी. ती सोडून पंचवीस वर्षं झाली, हे कोणी लिहून घेतलं नाही. धर्म सिद्ध व्हायचा राहिला. त्यासाठी सर्कल साहेब माझ्याबरोबर घरी आले.

मला घरात काय केलेलं आहे याची कल्पना नव्हती. मी सकाळपासून चावडीवर होते. आईने महाडच्या हसनशेठच्या कापडदुकानातून लक्ष्मीचं कॅलेंडर मागून आणलं होतं. खाली छापलेलं दुकानाचं नाव तिने दुमडून आत घेतलं होतं. भगवान बुद्धांची तसबीर उतरवून ट्रंकेत ठेवली होती, वहिनीच्या साडीत गुंडाळून. त्याच खिळ्याला लक्ष्मी टांगली होती. खाली पाटावर ताटलीत तगरीची पांढरी फुलं, उदबत्ती आणि दोन मेणबत्त्या. पेटवलेल्या.

सर्कल साहेब वयस्कर आहेत, बोलायला सौम्य. चपला काढून आत आले, सवयीने हात जोडले, आणि हात तसेच ठेवून बघत राहिले.

"बाई, देवीला मेणबत्ती?"

"मग काय लावायचं?" आईने विचारलं. दादा, तिने खरोखरच विचारलं. तिला वाटलं, ते सांगतील आणि ती तसं करेल.

"निरांजन लावतात. हळदकुंकू वाहतात. लाल फूल असतं."

"इसरले मी," आई म्हणाली. "लय वर्सं झाली ना साहेब. थांबा, तेल हाय घरात."

ती वाटी आणायला वळली आणि अण्णा दारात उभे होते. किती वेळ उभे होते माहीत नाही. त्यांनी आधी खिळ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, ते दुकानाचं क्यालेंडर हाय. तारखा बघायला टांगलंय."

साहेबांनी वही मिटली.

मी त्यांना वाडीच्या टोकापर्यंत पोचवायला गेले. ते म्हणाले, "मी खोटं लिहू शकत नाही, मुली. घरात देव नाहीत." मी म्हणाले, खोटं लिहा असं मी म्हटलेलं नाही. मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, कुटुंबप्रमुखाने स्वतः प्रतिज्ञापत्र करायचं की आम्ही हिंदू धर्म पाळतो. दुसरी, रक्ताच्या नात्यातल्या कोणाला केंद्राच्या नोकरीसाठी असा दाखला पूर्वी मिळालेला असेल तर त्याची प्रत जोडायची. मग घरात देव असण्या-नसण्याचा प्रश्न उरत नाही. एकाच आईबापांचं एक मूल हिंदू आणि दुसरं बौद्ध असं कचेरीला धरता येत नाही, असं ते म्हणाले. अहवाल २३ तारखेपर्यंत थांबवून ठेवतो, हेही म्हणाले. ही त्यांची मेहेरबानी आहे. ती नसती तर गोष्ट मंगळवारीच संपली असती आणि हे पत्र लिहावं लागलं नसतं.

परत आले तर अण्णांनी तसबीर ट्रंकेतून काढून जागेवर लावली होती. लक्ष्मीचं कॅलेंडर त्यांनी फाडलं नव्हतं. घडी करून आईच्या हातात दिलं होतं. आई ते धरून बसली होती.

"मी तुझ्यासाठी केलं गो," ती मला म्हणाली.

"मला माहीत आहे."

"तो बोलत नाय माझ्याशी."

त्या दिवसापासून तिने संध्याकाळी तसबिरीपुढे मेणबत्ती लावलेली नाही. मी लावते. ती उठून चुलीकडे जाते. मला वाटतं तिला लाज वाटते, पण कोणाची, ते मला ठरवता येत नाही.

गेल्याच महिन्यात शिरगणतीचे गुरुजी येऊन गेले. अण्णांनी छाती पुढे काढून "बौद्ध" सांगितलं, तेव्हा गुरुजींनी अनुसूचित जातीच्या रकान्यात काट मारली. म्हणजे शिरगणतीत मी अनुसूचित जातीची नाही. मुंबईच्या सरकारच्या लेखी आहे. दिल्लीच्या लेखी नाही. पाटलांच्या लेखी जन्मभर आहे. जानेवारीत आपला जिल्हासुद्धा कुलाब्याचा रायगड झाला, पण त्याला कुठे सिद्ध करून दाखवावं लागलं नाही. मी तीन वर्षं यंत्रांची मापं घ्यायला शिकले. एकाच वस्तूची चार वेगळी मापं आली तर आम्ही मोजपट्टी तपासतो. इथे प्रत्येक जण मला तपासतो आहे.

हे तक्रार म्हणून लिहीत नाही. फक्त नोंदवते आहे.

आता आठवं कलम. काल सकाळी अण्णा दाढी करत होते. आरशात बघत मला म्हणाले, "ह्या सोमवारी नको, पुढच्याबी नको. तेवीस तारखेच्या सोमवारी जाऊ. तू मसुदा लिहून ठेव. तुझं अक्षर बरं हाय."

"कसला मसुदा?"

"आमी हिंदू हाव म्हणून."

मी म्हणाले, तुम्ही सही देणार नव्हता. ते म्हणाले, "नव्हतो देणार. तुझ्या आयशीने त्या माणसाला 'मग काय लावायचं' इचारलं, तवा मी दारात होतो." हनुवटीवरचा साबण सुकला. मग विचारलं, "नुसतं हिंदू लिवायचं, का हिंदू म्हार?"

"हिंदू महार."

"दोन्ही सोडले व्हते," ते म्हणाले. "दोन्ही परत घ्यायचे."

दादा, सत्तावन्न साली वाडीतल्या सगळ्यांचे देव सुपात घालून सावित्री नदीत सोडायला जे गेले, त्यात अण्णा पुढे होते, हे तू मला सांगितलंस. तेव्हा मी आईच्या कडेवर होते. तू त्यांचं बोट धरून गेला होतास. घाटातल्या रस्त्यावर मैलकुली म्हणून खडी पसरताना मुकादमाने जुन्या नावाने हाक मारली तर ते ओ देत नसत, आणि त्यासाठी त्यांची रोजंदारी कापली जायची, हेही तूच सांगितलंस. तो माणूस तेवीस तारखेला कचेरीत उभा राहून हे वाचून दाखवणार आहे. मसुदा मी लिहिला. नीट लिहिला. दोन ओळी आहेत.

तू विचारशील, तुला नोकरी हवी आहे का. हवी आहे.

आता जे लिहायचं टाळत आले ते. परीक्षेसाठी मी तुमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहिले होते, तेव्हा वहिनी मला म्हणाली की तुझ्या नोकरीच्या वेळी 'हिंदू महार' असा दाखला काढलेला होता. ती सहज बोलली. तिला वाटलं मला ठाऊक आहे. तिच्यावर रागावू नकोस. मीही तुझ्यावर रागावलेले नाही. मी आता तेच करते आहे. अण्णांना हे माहीत नाही. तुझा रेल्वेचा पहिला पगार आला तेव्हा त्यांनी वाडीत सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या पोराने बौद्ध हे नाव न बदलता नोकरी मिळवली. अजून सांगतात. परवा येसूबाईच्या घरी सांगत होते.

तुझ्या दाखल्याची प्रत मिळाली तर अण्णांना कचेरीत जावं लागणार नाही. पण मालोजींकडून मी नियम विचारून घेतला आहे: भावाचा दाखला जोडला की 'हा माझा मुलगा' म्हणून त्याच प्रतीवर वडिलांची सही लागते. म्हणजे ते वाचतील. प्रत आली तर त्यांना तुझं कळेल. प्रत नाही आली तर ते स्वतः हिंदू होतील. मी अर्ज मागे घेतला तर आईने जे केलं ते फुकट जाईल, आणि अण्णा मला तसं करू देणार नाहीत; मी काल विचारून पाहिलं. "माझी सोय बघू नको," एवढंच म्हणाले.

मी सगळ्या बाजूंनी जोडून पाहिलं. यातून चौथी वाट मला सापडत नाही. तुला सापडली तर सांग.

मी तुला काय करायचं ते सांगत नाही. प्रत पाठवणार असलास तर साक्षांकित करून पाठव. स्वतः येऊन अण्णांना सांगणार असलास तर कोणत्या गाडीने येतोस ते कळव, मी महाड स्टँडवर येईन. घरी तू एकट्याने शिरू नयेस असं मला वाटतं. काहीच करणार नसलास तर तसं स्पष्ट लिही. पत्र घरी पाठवू नकोस. माझी मैत्रीण शरिफा, हसनशेठची सून, तिच्या नावे महाडच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

शुक्रवार, २० मार्चपर्यंत तुझं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. 'नाही' असलं तरी.

तुझी सख्खी बहीण,
नीला