चार बेडकांची पालखी

कर्जत,
शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६

प्रिय निकी,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझं नाटक मी एकदाच पाहिलं, नगरला, आत्याबरोबर. ते चूक आहे. मी ते तीनदा पाहिलं. दुसऱ्यांदा खर्ड्याला, शाळेच्या मैदानात, आणि तिसऱ्यांदा परवा श्रीगोंद्याला. दोन्ही वेळा तुला न सांगता गेले, मागे बसले आणि शेवटचं गाणं सुरू होताच एसटी स्टँडवर निघून आले. 'एकदाच' लिहिताना तो शब्द खोटा आहे हे मला माहीत होतं. म्हणून आधी तोच खोडते.

मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी फार कमी बोलले, हेही तुझ्या लक्षात आलं असेल. नाटकाविरुद्ध निनावी तक्रार गेली, गोष्ट नवी नाही म्हणून, आणि या बालनाट्य स्पर्धेत तर नवीच गोष्ट लागते. येत्या मंगळवारी स्पर्धेची समिती ठरवणार की बावीस तारखेच्या अंतिम फेरीत तुम्हाला घ्यायचं की नाही. तू रडत नव्हतीस, चिडली होतीस. "ताई, हे धवलचंच काम. बेडकांच्या गाण्याची लय मी बदलायला लावली ना, तेव्हापासून तोंड वाकडं करून तबला वाजवत होता. काढला त्याला." मी नुसतं "बरं" म्हणाले. परवा श्रीगोंद्याला त्याच्या जागी बसलेला मुलगा गाण्यात दोनदा चुकला. बेडूक झालेली पोरं पालखी खांद्यावर घेऊन तशीच उभी राहिली, कुठल्या पायावर उडी मारायची ते त्यांना कळेना. लोक हसले. आणि मला, निकी, क्षणभर बरं वाटलं.

तुला तो काळ आठवत नसेल. आई-बाबा दोघंही शाळेवर, तू बालवाडीत, आणि मी दम्यापायी चौथीपर्यंत घरी. माझी शाळा म्हणजे सरोजिनीआत्या. बेरीज, जोडाक्षरं, नकाशा, सगळं ती एका गाढवाच्या गोष्टीतून शिकवायची. कुंभाराचं गाढव, माती वाहून वाहून कंटाळलेलं, एक दिवस वाटेत बसतं आणि म्हणतं, मी आता चालणार नाही. ते कुठल्या गावात बसलं, तिथून कर्जत किती कोस, पाठीवर किती पाट्या माती. आत्याचा नियम कडक होता. प्रत्येक वाक्याला हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली, मग कितीही विनवा, ती पुढचं सांगायची नाही. "ऐकणारं नाही तिथे सांगणारं नाही," म्हणायची आणि निवडायचे तांदूळ पुढे ओढायची.

एका दुपारी माझी छाती इतकी भरून आली की 'हूं' निघेना. आत्याला वाटलं मला झोप लागली. गाढव वाटेत बसलेलं तिथेच राहिलं. संध्याकाळी तू दप्तर टाकून माझ्या गादीवर चढलीस आणि विचारलंस, पुढे काय झालं? पुढचं मला माहीत नव्हतं. मग तू माझ्या छातीला कान लावलास आणि म्हणालीस, "ताई, तुझ्या आत कोण ओरडतंय गं?" मी म्हटलं, बेडूक. चार बेडूक आहेत. गाढवाला नवरीसारखी पालखी हवी होती, तर दुसरं कुणी उचलायला तयार होईना, म्हणून बेडूक आले. तू इतकी हसलीस की मला आणखी दम लागला. त्यानंतर महिनाभर रोज तू कान लावायचीस आणि बेडूक कुठवर पोचले ते मी सांगायची. माझ्या आजारपणात मला स्वतःची अशी तेवढीच एक गोष्ट मिळाली होती.

म्हणून नगरला पडदा उघडल्यावर मी बावरले. फलकावर 'कथा, गीतं, दिग्दर्शन : निकिता'. ठीक आहे. गाढवाने बैठक मारली, ठीक आहे. पण हिरव्या रेनकोटातले ते चार बेडूक आले, पेटीवर तो घरघरणारा सूर लागला, आणि चारशे पोरं एकदम खिदळली. तो सूर तू कुठून आणलास ते त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं. प्रयोगानंतर आत्याने तुझ्या गालावरून हात फिरवला. "पालखीचं मी कधी सांगितलं नव्हतं गं. हे डोकं तुझंच." आणि तू म्हणालीस, "माझंच असेल." मी शेजारी आत्याची शाल घेऊन उभी होते. तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाही. ती गोष्ट ऐकलीस तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. पण तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

खर्ड्याला मी खरं तर विसरायला गेले होते. परत पाहिलं की नेहमीचं वाटेल, असं वाटलं. तिथे नाटकातलं गाढव प्रेक्षकांनाच हुंकारा मागतं. सगळं मैदान 'हूं' म्हणत होतं, मी सोडून. शेजारी नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या बनुबाई नावाच्या आजींनी मला कोपर मारलं. "बाई, तुमी का गप? हुंकारा द्या की. न्हाईतर त्ये गाडाव उठायचं न्हाई." मी दिला नाही. दात आवळून बसले. त्यांची नात म्हणाली, "आज्जे, हिला नाटक आवडलं न्हाई वाटतं." पोरीने बरोबर ओळखलं होतं, आणि चुकलीही होती. मला ते इतकं आवडलं होतं की ते दुसऱ्या कुणाचं असणं मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी, मी शिकवते त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत, समितीला ती तक्रार मी लिहिली. धवलने नाही. त्यात लिहिलं की ही संपूर्ण गोष्ट, पालखी आणि बेडकांसकट, आपल्याकडे सरोजिनीआत्या वर्षानुवर्षं सांगत आली. पालखी आत्याची नाही हे मला माहीत असूनही लिहिलं. 'ती माझी आहे' असं लिहिलं असतं तर खाली माझं नाव घालावं लागलं असतं. मला ती परत नको होती, निकी, फक्त तुझ्याकडे राहू द्यायची नव्हती. उद्या शिवरात्र आणि रविवार, समितीचं कार्यालय बंद. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे, मंगळवारी तुझ्या हातात पडेल. फोनवर सांगितलं असतं तर तू एक तर मला माफ केलं असतंस किंवा अडवलं असतंस, आणि दोन्हींतलं काही झालं असतं तर मी गेले नसते. आधी धवलच्या घरी जाऊन त्याच्या तोंडावर सांगणार, मग समितीपुढे तक्रार माझी आणि खोटी आहे असं नाव-पत्त्यासह लिहून देणार. पालखी कोणाची, हे त्यांनी विचारलं तर खरं तेच सांगेन. त्यांनी विचारलं नाही तर गप्प राहीन. सकाळी सातच्या एसटीने नगरला निघते, सोमवारी, सोळा फेब्रुवारीला.

तुझीच,
मधुताई