तुमचा वार शुक्रवार

५ सप्टेंबर, शुक्रवार

दोघी गेलो. बसलो. आलो!

दवाखान्यात पोटुशा बायकांना तपासतात — गोऱ्या बायकांना सोमवार ते गुरुवार, आम्हा रोमा — त्यांच्या तोंडी जिप्सी — बायकांना शुक्रवार. पाटीवर असं काही नाही हं! पाटीवर ‘सर्वांचे स्वागत’ आहे. वालेरिया सिस्टर तोंडी सांगते, "तुमचा वार शुक्रवार. तुम्हाला आपल्या माणसांत बरं वाटतं ना?" केवढी ती काळजी!

आणि शुक्रवारी डॉक्टर दुपारच्या आत डोंगरातल्या आपल्या लाकडी घरी पळतो. तिथे त्याच्या मधमाश्या आहेत. त्यांना तो कधीही भेटतो.

धाकटी जाऊ मार्गिता बरोबर होती. दोघींनाही सातवा, दोघींचेही पाय सुजलेले. तिचे इतके, की नवऱ्याचे बूट घालून आली. वाटभर त्यावरून हसलो.

१२ सप्टेंबर

डॉक्टर दारातच भेटला, हातात मधाच्या रिकाम्या बरण्या. "पुढच्या शुक्रवारी!" मी म्हटलं, डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. "मीठ कमी खा," म्हणाला, आणि गाडी सुरू केली. झाली तपासणी!

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज धीर केला, मंगळवारीच गेले. समोर खुर्च्या रिकाम्या. वालेरिया म्हणते, "आज जागा नाही." मी खुर्च्यांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. "भरतील," म्हणाली.

घरी येऊन रडले. पहिलं बाळ सातव्यातच गेलं होतं माझं. हेही जाईल की काय? भीती वाटते. फार भीती वाटते.

१९ सप्टेंबर

सासूबाईंनी आज कमाल केली! कानात सोन्याच्या रिंगा, हातात बटाटे भरलेल्या डुकराच्या आतड्यांचं — आमचा सणाचा पदार्थ — गरम पातेलं, अशा तरातरा दवाखान्यात शिरल्या. सगळ्यांदेखत वालेरियाचा हात धरला, माझ्याकडे बोट केलं — "बाई, आमच्या रेनाताच्या बाळाची धर्ममाता तूच!"

बाप्तिस्म्याला बाळ हातात घेते ती धर्ममाता; आमच्यात ती रक्ताच्या नात्याहून वर. तिला कोणी उलटून बोलत नाही, आणि तीही लेकराला वाऱ्यावर सोडत नाही. गोऱ्यांनाही हे ठाऊक आहे. वालेरिया लालेलाल! पण मान कुणाला नको असतो? "बघू हं," म्हणाली, आणि पातेलं ठेवून घेतलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मंगळवारी बोलावणं! खुर्चीसुद्धा मिळाली! डॉक्टरने रक्तदाब पाहिला आणि त्याचं तोंडच उतरलं. "इतके दिवस होतात कुठे?"

कुठे होते! तुझ्याच बाकावर, बाबा!

तिथून थेट मोठ्या इस्पितळात भरती.

२५ सप्टेंबर

औषध लागू पडतंय. बाळ लाथा मारतंय! वालेरिया सफरचंदं घेऊन आली. "तू त्या बाकीच्यांसारखी नाहीस गं." मी तिचे हात धरले — मार्गितालाही मंगळवारी घ्या ना, तिचे पाय माझ्याहून वाईट आहेत. ती हसली. "अख्ख्या वस्तीची धर्ममाता होऊ की काय मी? तिला शुक्रवार आहेच की."

२६ सप्टेंबर

सासूबाईंचा फोन. मार्गिता जाऊन आली. डॉक्टर डोंगरात.

१ ऑक्टोबर

मार्गिताचं बाळ पोटातच गेलं. मुलगा होता.

तिला इथेच आणलंय, टोकाच्या खोलीत — रोमा बायकांच्या. मी पुढच्या खोलीत, कारण मी वालेरिया सिस्टरची! जाऊ का तिच्याकडे, विचारलं तर नर्स म्हणाली, "तिकडे कशाला जाता?" तरी गेले. मार्गिता भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी तिचे सुजलेले पाय चेपत बसले.

वालेरिया भेटायला आली तेव्हा उसासा टाकून म्हणाली, "काय करणार, या बायका वेळेवर येतच नाहीत."

मी गप्प बसले. पोटात माझं बाळ होतं ना!

९ नोव्हेंबर

मुलगी झाली! धडधाकट. रडून रडून खोली डोक्यावर घेतलीय.

३० नोव्हेंबर, रविवार

आज बाळाचा बाप्तिस्मा. वालेरिया नवी टोपी घालून सगळ्यांच्या पुढे. फादरने विचारलं, धर्ममाता कोण?

मी बाळ मार्गिताच्या हातात दिलं.

सासूबाई चर्चमध्येच ओरडल्या, "अगं, पुढच्या खेपेला तुला मंगळवार कोण देणार?"