क्लच जड लागतोय

प्रिय आकाराम,

पलूसला नीट पोचलास हे फोनवर कळलं. तुझी ट्रक माझ्या कुपवाडच्या गॅरेजात उभी आहे आणि तिच्याकडं बघून माझं डोकं फिरलंय. जुनी गाडी अजून किती टिकेल ते एकदा सांग, विकायची का ठेवायची ते ठरवतो, असं म्हणून गेलास. तर आज सांगतोच.

द्राक्षं, विटा, गूळ, या गाडीनं काय वाहिलं नाही? किलोमीटरचा काटा कवाच बंद पडला, इंजिन आपण दोनदा बांधलं. पण दिवाळीपासून तुझं गाऱ्हाणं संपेना. हेडलाईटचा उजेड पडत नाही म्हणालास. बल्ब बदलले, वायरिंग नवं ओढलं. परत आलास, उजेड न्हाईच. मग क्लच जड लागतोय म्हणून प्लेट टाकली, तर वर मलाच ऐकवलंस की अल्लाबक्ष, तू डुप्लिकेट माल घालतोस. इतक्या वर्षांत असं मला कुणी बोललं नव्हतं. तो राग घरी जाऊन बायकोवर, अकिलावर उगीच काढला.

परवा तू गेल्यावर मीच गाडी तासगावच्या रस्त्याला काढली. अंधार पडत होता. लांबचा मैलाचा दगडसुद्धा लख्ख दिसत होता रं. क्लच तर लोण्यासारखा. तुझा लय राग आला. पण परत येताना तुझी चप्पल आठवली आणि गाडी बाजूला घेऊन बसून राहिलो.

परवा दुपारी तू गेटातनं आत आलास तेव्हा डाव्या पायातली चप्पल मागं गेटापाशीच राहिली होती. तापलेल्या फरशीवरनं, लोखंडाच्या किसावरनं तू तसाच चालत आलास आणि तुला पत्ता नाही. दाखवलं तर म्हणालास, पट्टा सैल झालाय. बल्बचा दोष, पट्ट्याचा दोष, अल्लाबक्षचा दोष. शेवटी माझी चप्पल घालून घरी गेलास, आणि जाताना वहिनींना यातलं काही सांगू नकोस म्हणालास.

अकिलाला रक्तात साखर निघाली त्याआधी पाय बधिर होऊन तिचीही चप्पल अशीच निसटायची. डोळ्यांपुढं धुरकट यायचं. क्लच डाव्या पायानंच दाबतात गड्या. फोनवर हा विषय काढला की तू फोन ठेवतोस. आता पुढच्या खेपेला ब्रेक उशिरा लागतो म्हणून येशील, आणि तोवर कुणाचं तरी पोर गाडीखाली आलेलं असेल. वैताग आलाय मला तुझा.

गाडी अजून पाच-सहा वर्षं आरामात जाईल, विकू नकोस. चावी मात्र मी कपाटात ठेवलीय. साखर तपासून, डोळे दाखवून आल्याशिवाय मिळायची नाही. आणि हे पत्र मुद्दाम बारीक अक्षरात लिहिलंय. तुला वाचता येणार नाही, वहिनींनाच वाचून दाखवावं लागेल. तर शालूवहिनी, आता तुम्हाला सगळं कळलं. यांना उद्याच मिरजेला डॉक्टरांकडं न्या, आणि नेताना पायात बूट घाला. चप्पल माझ्याकडंच आहे.

तुझ्या शिव्या खाऊनही तुझाच,
अल्लाबक्ष